दुपारच्या सूर्याची साक्ष

मुंबईत कुलाब्याला 1963-64च्या सुमारास एक बत्तीस फुटी शिडाची बोट तयार होत होती. लाकूड अस्सल सागवान, आणि हत्यारं पिढीजात: वाकस, कुऱ्हाड, कमानीने फिरवायचा सामता. आराखडाही जुन्याच वळणाचा. शर्यतीच्या सडपातळ यॉटशेजारी ती उभी केली असती तर दोन्ही टोकांना निमुळती, पोटाला जाड आणि जरा मठ्ठच दिसली असती. ती बांधून घेत होता ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला पंचविशीचा एक अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. बोटीचं नाव त्याने ‘सुहैली’ ठेवलं. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हे नाव देत. 1965च्या डिसेंबरात रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे ही बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला पोचले.

पुढे 22 एप्रिल 1969 रोजी हीच मुंबईकर बोट इतिहासात गेली. कुठल्याही बंदराला न लागता, कुणाचीही मदत न घेता, एकट्या माणसाने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तो प्रसंग जगात पहिल्यांदा घडला तो सुहैलीवर.

शांती शोधायला निघालेला माणूस म्हटलं की मराठी मनासमोर डोंगर येतो. तुकोबा भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, समर्थ शिवथरघळीत राहिले. समुद्र आपल्याकडे कोळ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि आरमाराचा. तिथे कुणी मन निवांत करायला जात नाही, आणि शहाण्या माणसाने जाऊही नये, असाच आपला समज. पण एकांत, निसर्ग आणि स्वावलंबन यांनी माणसाच्या मनाचं नेमकं काय होतं हे तपासायचं असेल तर एकट्या दर्यावर्द्यांइतका चांगला पुरावा दुसरीकडे सापडत नाही. कारण साधं आहे. गुहेत बसलेल्या माणसाने रोज तारीख, वेळ, वारा आणि मनाची अवस्था लिहून ठेवलेली नसते. खलाशाने ठेवलेली असते. त्याला लॉगबुक म्हणतात.

या परंपरेचा मूळ पुरुष जोशुआ स्लोकम. शिडाच्या जहाजांचे दिवस सरत आले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा हा कप्तान बेकार झाला. कुणीतरी त्याला एक जुनी, शेतात टेकू लावून ठेवलेली होडी देऊ केली. त्याने ती फळीफळीने नव्याने बांधली. खर्च आला 553 डॉलर 62 सेंट, आणि हा आकडा त्याने पुस्तकात अभिमानाने नोंदवलाय. 24 एप्रिल 1895 रोजी बॉस्टनहून निघालेला स्लोकम वाटेत बंदरं घेत, भाषणं देत, तीन वर्षांनी 1898च्या जूनमध्ये अमेरिकेला परतला. तिएरा देल फुएगोजवळ रात्री चोरट्यांचं भय होतं, तर हा गडी डेकवर गालिच्याचे चुकखिळे टोकं वर करून पसरायचा आणि खाली खुशाल झोपायचा. मध्यरात्री अनवाणी पाय पडले की पुढचं सांगायला नको. त्याला पोहता येत नव्हतं. पुढे एका सफरीवर तो बोटीसकट नाहीसा झाला.

त्यानंतर बराच काळ एकट्याची प्रदक्षिणा म्हणजे सवडीने, मुक्काम करत करायची गोष्ट राहिली. 1966-67 मध्ये पासष्टीच्या फ्रान्सिस चिचेस्टरने सिडनीला एकच थांबा घेऊन ती केली आणि इंग्लंड वेडं झालं. आता उरलं होतं ते एकही थांबा न घेणं. ‘संडे टाइम्स’ने 1968च्या मार्चमध्ये शर्यतच जाहीर केली. 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात केव्हाही निघा, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या दक्षिण टोकांना वळसा घाला, परत या. पहिल्या येणाऱ्याला सोनेरी गोलाचं स्मृतिचिन्ह, कमीत कमी दिवसांत येणाऱ्याला 5000 पौंड. नऊ जण निघाले. शेवटपर्यंत पोचला एक.

हा मार्ग असा अवघड का, ते नकाशा उलटा धरून पाहिलं की कळतं. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली जमीन जवळजवळ नाहीच. पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती अडथळ्याविना फिरत राहतो आणि त्याच्यामागे लाटाही. खलाशी या पट्ट्याला गर्जणारी चाळिशी म्हणतात. केप हॉर्नला तर छप्पन अंशांपर्यंत खाली उतरावं लागतं. तिथे मदतीला हाक मारण्यात अर्थ नसतो, कारण ऐकायलाच कुणी नाही. 1968 साली अशा बोटींवर उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्रही नसे. झोप तुकड्यातुकड्यांनी घ्यायची. जहाजांची वर्दळ असलेल्या भागात तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या डुलक्यांवर भागवायचं.

आणि रोज दुपारी एक काम चुकवायचं नाही. सेक्स्टंट नावाच्या आरशांच्या यंत्रातून पाहत सूर्याचं बिंब हळूहळू खाली आणून क्षितिजाला टेकवायचं आणि कोन वाचायचा. सूर्य माथ्यावर सर्वांत उंच असतानाच्या कोनावरून अक्षांश मिळतो. रेखांशासाठी बिनचूक घड्याळ लागतं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून घड्याळ चार सेकंदांनी चुकलं तरी विषुववृत्तावर बोटीची जागा एक सागरी मैल चुकते. डोलणाऱ्या डेकवर गुडघे टेकून, एक कोपर दोरखंडात अडकवून हे वाचन घ्यायचं, खाली केबिनमध्ये जाऊन कोष्टकं उलगडायची, आकडेमोड करायची आणि नकाशावर पेन्सिलीने एक बारीक फुली मारायची. मी आज इथे आहे. काल ठरवलं होतं तिथे नाही, घरी कळवलं होतं तिथेही नाही, इथे.

या एका फुलीवर एकट्या खलाशाच्या मनाचं स्वास्थ्य किती अवलंबून असतं, ते त्या नऊ जणांपैकी तिघांच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

पहिला आपला नॉक्स-जॉन्स्टन. 14 जून 1968 रोजी तो फॅल्मथहून निघाला. अटलांटिकमध्ये केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला सुहैलीत पाणी भरू लागलं. पंप मारून मारून हात दुखले तेव्हा त्याने बुडी मारून पाहिलं. मुख्य डोलकाठीच्या खाली, तळाच्या फळ्यांमध्ये, दोन्ही बाजूंना लांबलचक फटी. गोदीत ही दुरुस्ती क्षुल्लक. फटीत कापूस ठोकायचा आणि वरून लुकण लावायचं. पण पाण्याखाली दम संपण्याआधी कापूस बसेना. श्वास घ्यायला वर यावं की तोवर तो निघून येई. मग त्याने डोकं चालवलं. कॅनव्हासची लांब पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवून घेतला, डांबर थापलं, पट्टीला तांब्याचे खिळे आधीच टोचून ठेवले आणि खाली जाऊन ती ठोकायला घेतली. शार्कला गोरं अंग दिसू नये म्हणून अंगात गडद शर्ट आणि जीन्स. एवढं करूनही शार्क आलाच.

तो वर चढला आणि रायफल घेऊन वाट पाहत बसला. शार्क काही पुरेसा जवळ येईना. शेवटी त्याने शौचालयातले कागद पाण्यावर फेकले, कुतूहलाने शार्क वर आला आणि गोळी बसली. मेलेल्या शार्कच्या रक्ताच्या वासाने दुसरे येतात का हे बघायला तो थोडा वेळ थांबला, आणि मग पुन्हा पाण्यात उतरला. शौर्य म्हणतात ते बहुधा याच दुसऱ्या उडीत असतं, गोळी झाडण्यात नव्हे. पुढे रेडिओ बसवणाऱ्या कारागिरांनी मागे टाकलेली तांब्याची पट्टी सापडली, ती त्याने या शिवणीवर मारली. कुलाब्याच्या सागवानाने उरलेली प्रदक्षिणा त्या ठिगळासकट केली.

नंतर बोट आपोआप दिशा धरून ठेवणारं यंत्र तुटलं. रेडिओ बंद पडला. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, तेव्हा पावसाचं पाणी धरावं लागलं. न्यूझीलंड सोडल्यानंतर साडेचार महिने त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. अनेकांनी तो बुडाला असं गृहीत धरलं. 1969च्या एप्रिलमध्ये अझोर्स बेटांजवळ एका टँकरला गंजलेली, शिडं विटलेली सुहैली दिसली. फॅल्मथला कस्टमच्या अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? त्याने सांगितलं, फॅल्मथहून. निघण्याआधी आणि परतल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने त्याची तपासणी केली होती. दोन्ही वेळा निष्कर्ष सारखाच निघाला: माणूस पूर्णपणे नॉर्मल आहे. दहा महिने एकटा राहून आलेल्या माणसाच्या डोक्यात काहीच बिघडलं नाही, ही या कहाणीतली सर्वांत कमी सांगितली जाणारी आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट.

बर्नार मोआतेसिए त्याच्या अगदी उलट. जन्म 1925चा, हनोईतला. बालपण त्या वेळच्या फ्रेंच इंडोचायनात गेलेलं. आधीच्या दोन बोटी त्याने खडकांवर घालवल्या होत्या, एक हिंदी महासागरात चागोस बेटांवर आणि दुसरी कॅरिबियनमध्ये. तिसरी त्याने पोलादाची बांधून घेतली. लांबी 39 फूट, रंग लालभडक, डोलकाठ्या म्हणून सुरुवातीला चक्क तारेचे खांब. नाव, अर्थातच, ‘जोशुआ’. शर्यतीच्या आयोजकांनी देऊ केलेला रेडिओ त्याने घेतला नाही. निरोप द्यायचा असला की ॲल्युमिनियमच्या डबीत चिठ्ठी घालून गलोलीने जवळच्या जहाजावर मारायची, ही त्याची टपालव्यवस्था.

केप ऑफ गुड होपच्या अलीकडे असाच निरोप देताना एका मालवाहू जहाजाची धडक बसली आणि नाळेपुढचा पोलादी नळ, ज्याला पुढचं शीड ताणून बांधतात, तो वाकला. दुसरा कुणी केपटाऊनला वळला असता. मोआतेसिएने एक जादा वासा, कप्प्या आणि दोर यांची जुळणी केली, सगळा ताण विंचवर घेतला आणि तो नळ इंच इंच ओढत भर समुद्रात सरळ केला. पुढे हिंदी महासागरात तो खचला. पोटात व्रणाचा त्रास, अंगात थकवा, कामात मन नाही. एका मित्राने दिलेलं योगाचं पुस्तक बरोबर होतं. ते काढून त्याने रोज आसनं सुरू केली आणि काही आठवड्यांत तब्येत सुधारल्याचं नोंदवलं.

त्याच्या लॉगमधला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग न्यूझीलंडच्या दक्षिणेचा आहे. ढगाळ हवा, बोट झपाट्याने चाललेली. अचानक डॉल्फिन, कोकणात ज्यांना गादे म्हणतात ते, शंभरेक संख्येने बोटीभोवती जमले. नेहमीप्रमाणे खेळेनात. वीस-पंचवीसांची एक रांग खांद्याला खांदा लावून येई आणि एकदम उजवीकडे वळे. पुन्हा येई, पुन्हा उजवीकडे. बराच वेळ पाहिल्यावर त्याची नजर होकायंत्राकडे गेली. वारा कधीच फिरला होता, आणि जोशुआ वाऱ्याबरोबर वळून स्टुअर्ट बेटाच्या खडकांकडे निघाली होती. त्याने सुकाणू उजवीकडे घातलं. कळप पुन्हा बागडू लागला आणि त्यातल्या एका मोठ्या डॉल्फिनने हवेत कोलांट्या मारल्या. डॉल्फिननी खरंच इशारा दिला का, यावर वाद घालता येईल. इथे त्यापेक्षा महत्त्वाचं असं की तो माणूस इतका वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला होता, आणि पाहून झाल्यावर त्याने होकायंत्र तपासलं. निव्वळ भाविक असता तर हात जोडले असते, निव्वळ तंत्रज्ञ असता तर डॉल्फिनकडे लक्षच गेलं नसतं.

5 फेब्रुवारी 1969 रोजी त्याने केप हॉर्न ओलांडलं. आता उत्तरेला वळून घरी जायचं, बस. सर्वांत कमी वेळाचं बक्षीस त्याच्या आवाक्यात होतं, असं बहुतेक जाणकार मानतात. पण तो उत्तरेला फिरला नाही. 18 मार्चला केपटाऊनबाहेर एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी गेली: समुद्रावर मी सुखात आहे, पॅसिफिककडे चाललो आहे. शर्यत त्याने सोडली होती. आणखी अर्धी प्रदक्षिणा करून 21 जून 1969 रोजी तो ताहितीला उतरला. न थांबता दहा महिने, 37 हजारांहून अधिक सागरी मैल.

या निर्णयाने मोआतेसिए एका पिढीचा संत झाला, विशेषतः फ्रान्समध्ये. त्याचं पुस्तक 1971 साली आलं आणि अजून खपतं. मात्र ती चिठ्ठी युरोपात वाट पाहणाऱ्या बायकोला वर्तमानपत्रातर्फे कळली, हेही सांगायला हवं. फ्रान्स्वाजने त्याच्याबरोबर त्याआधी केप हॉर्न पार केलेलं होतं. ती काही किनाऱ्यावर रडणारी बाई नव्हती. एकाच्या शांतीची किंमत घरातल्या दुसऱ्यांनी मोजण्याची ही रीत आपल्याकडेही जुनी आहे, आणि तिचे पोवाडे गाताना मोजणाऱ्यांची नावं सहसा गाळली जातात. आणि ती शांती जमिनीवर टिकलीही नाही. पापीतेच्या बंदरावरचा बुलडोझर आणि काँक्रीट पाहून तो संतापला. पुढे तुआमोतू द्वीपसमूहातल्या ‘आहे’ नावाच्या कंकणद्वीपावर झाडं लावत राहिला, फ्रान्समधल्या गावांनी रस्त्याकडेला फळझाडं लावावीत म्हणून पत्रं लिहीत राहिला. 1994 साली तो वारला.

तिसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. जन्म 1932, आपल्या गाझियाबादचा. हुशार, बोलका, इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा कारखानदार. धंदा डबघाईला आलेला, आणि शर्यतीसाठी पैसे लावणाऱ्याशी केलेला करार असा की माघार घेतली तर धंदा आणि घर दोन्ही जाईल. बोट नवी, तीन सांगाड्यांची, कामं अर्धवट राहिलेली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, 31 ऑक्टोबर 1968 रोजी, तो टिनमथहून निघाला. पंधरवड्यातच त्याला कळून चुकलं की ही बोट दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. पुढे जावं तर मरण, मागे फिरावं तर दिवाळं.

त्याने तिसरा मार्ग काढला. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोट्या जागा कळवू लागला. एकदा चोवीस तासांत 243 मैल कापल्याचं त्याने जाहीर केलं; विक्रम म्हणून तो छापून आला. चिचेस्टरला शंका आली, बाकी देशाने टाळ्या वाजवल्या. दरम्यान 1969च्या मार्चमध्ये क्रोहर्स्ट गुपचूप अर्जेंटिनाच्या एका लहानशा गावी उतरून बोटीला लाकडाचे तुकडे ठोकून आला होता. परतल्यावर तज्ज्ञ लॉगबुक तपासणार हे उघड होतं. तेव्हा जिथे आपण नाही तिथला सूर्य किती उंच दिसला असता, याचं गणित उलट्या बाजूने सोडवायचं आणि ते नोंदवायचं. खऱ्या वाचनापेक्षा हे काम कितीतरी किचकट. ते त्याने हिमतीने, बुद्धीने, महिनोन्‌महिने केलं. स्वावलंबनात तो कुठे कमी पडला, असं म्हणता येणार नाही.

त्याचा बेत शेवटच्या नंबराने परतण्याचा होता, म्हणजे वह्या कुणी बारकाईने पाहिल्या नसत्या. पण तो जवळ येतोय या समजुतीने शर्यतीत त्याच्यापुढे असलेल्या नायजेल टेटलीने आपली खिळखिळी बोट ताणली, आणि 21 मे रोजी ती अझोर्सजवळ मोडली. टेटली वाचला. आता वेगाचं बक्षीस क्रोहर्स्टकडे येणार, आणि त्याबरोबर तपासणीही. 24 जूनपासून त्याने वहीत लिहायला सुरुवात केली. देव, काळ, आइनस्टाइन, मनाची मुक्ती अशा विषयांवर सुमारे 25 हजार शब्द. शेवटची नोंद 1 जुलैची. 10 जुलैला एका टपालजहाजाला त्याची बोट शांत समुद्रात तरंगताना सापडली. आत वह्या व्यवस्थित ठेवलेल्या. कालमापक घड्याळ मात्र पेटीत नव्हतं, आणि माणूस नव्हता.

नॉक्स-जॉन्स्टन आता दोन्ही बक्षिसांचा धनी होता. 5000 पौंड त्याने क्रोहर्स्टच्या बायको-मुलांना देऊन टाकले.

तिघांनाही तोच समुद्र मिळाला, तोच एकांत, तेच आकाश. निसर्गात गेलं की मन आपोआप निवळतं हे विधान क्रोहर्स्टची वही वाचल्यावर सरसकट करता येत नाही. त्याच्याकडे धाडस होतं, हातात कसब होतं, भोवती निसर्ग तर हवा त्यापेक्षा जास्त होता. नव्हती ती दुपारची खरी फुली. नॉक्स-जॉन्स्टनचं स्वास्थ्य बरंचसं कामातून आलेलं दिसतं: गळती, पंप, फाटलेलं शीड, सूर्य, जेवण, झोप. त्यात अध्यात्म शोधायला गेलो तर तोच हसेल. मोआतेसिएला शांती सापडली आणि ती सोडवेना. प्रस्तुत लेखकाचं माप पहिल्याच्या पारड्यात पडतं. मोआतेसिएची वाक्यं जास्त सुंदर असली तरीही.

सुहैलीची कथा इथे मुंबईकडे परत वळते. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी 1971च्या युद्धातले वीरचक्रविजेते. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिले. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने प्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी ऐंशीच्या घरात असताना नौदलाच्या गळी उतरवला. 2006 साली कमांडर दिलीप दोंदे यांनी हात वर केला. देशात हे आधी कुणी केलेलं नसल्याने विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. मग दोंदे गेले ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. सदुसष्टीचे सर रॉबिन त्या वेळी स्वतःच आणखी एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करत होते. त्यांच्या हाताखाली राबून दोंदे शिकले.

बोट गोव्यात झाली. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, 56 फूट लांबीची. नदीच्याच नावावरून ‘म्हादेई’. खोल समुद्रात जाणारी एवढी मोठी शिडाची बोट त्यांनी आधी बांधलेली नव्हती. 19 ऑगस्ट 2009 रोजी, ऐन पावसाळ्यात, दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन हे चार थांबे घेऊन 2010च्या मे महिन्यात परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांना शौर्यचक्र मिळालं. त्यांच्या पुस्तकात लाटांइतकीच जागा फायली, मंजुऱ्या आणि सुट्या भागांना मिळाली आहे, आणि ते योग्यच आहे. स्वावलंबन म्हणजे कुणाचीही गरज नसणं, अशी समजूत असणाऱ्यांनी तो भाग मुद्दाम वाचावा.

दोंदेंच्या वेळी किनाऱ्यावरून मदत करणाऱ्या चमूतले अभिलाष टॉमी पुढे 1 नोव्हेंबर 2012 रोजी त्याच म्हादेईतून निघाले आणि 31 मार्च 2013 रोजी मुंबईला आले, वाटेत कुठेही न थांबता. 2018 साली मूळ शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून ती पुन्हा भरवण्यात आली, आणि अट अशी की साधनं 1968च्याच काळातली. सेक्स्टंट, कागदी नकाशे, वाऱ्यावर चालणारं दिशायंत्र. टॉमींची ‘तुरिया’ही गोव्यातच, सुहैलीच्या आराखड्यावरून बांधलेली. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे 1900 सागरी मैलांवर, वादळाने ती बोट उलटीपालटी केली. टॉमी डोलकाठीला धरून होते. बोट सुलटी झाली तेव्हा ते उंच हवेत, मनगटी घड्याळाचा पट्टा अडकून लटकलेले. पट्टा तुटला, ते खाली आदळले आणि मणके मोडले.

सरपटत केबिनमध्ये जाऊन त्यांनी छोट्या यंत्रावरून संदेश पाठवला. त्यानंतर हलता न येणाऱ्या अवस्थेत तीन दिवस पडून राहणं एवढंच हाती होतं. नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि 24 सप्टेंबरला फ्रान्सच्या मत्स्यगस्ती जहाजाने, ‘ओसिरिस’ने, त्यांना स्ट्रेचरवरून उचललं. तिथून ॲमस्टरडॅम नावाच्या बेटावर, मग ‘आयएनएस सातपुडा’वरून विशाखापट्टणमला. पाठीच्या कण्यात टायटॅनियमच्या सळ्या घालाव्या लागल्या. चालणं पुन्हा शिकावं लागलं.

नौदलातून निवृत्त होऊन ते 4 सप्टेंबर 2022 रोजी फ्रान्समधून त्याच शर्यतीला पुन्हा निघाले. दिशायंत्राची पाती मोडत गेली आणि सुटे भाग संपले, तेव्हा त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून पाती बनवली. सोळा जण निघाले होते. मुख्य गटात तिघेच शेवटपर्यंत पोचले. दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर 27 एप्रिल 2023 रोजी पहिली आली. वाटेत तिने बुडणाऱ्या बोटीवरच्या एका स्पर्धकाला वाचवलंही होतं. दोन दिवसांनी टॉमी आले, दुसरे.

हे वाचून कुणाला हुक्की आलीच असेल तर केप हॉर्नपासून सुरुवात करण्याचं कारण नाही. मुंबईच्या बंदरात कुलाब्याला आणि गोव्यात शिडाच्या छोट्या होड्या चालवायला शिकवतात. स्लोकमचं उदाहरण बाजूला ठेवून आधी पोहायला शिकावं. पहिल्या काही धड्यांतच होडी मुद्दाम पाण्यात उलटवून ती आपली आपण सुलटी करायला लावतात. मुंबईत हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.